विहिरीतली मींदडी आणि मागाखालचे लोहचुंबक

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले आधी येतात. आपल्यासारख्या, दोन-तीन पिढ्या इथेच नांदलेल्या घरांना मात्र दुसरी सुरतही ठाऊक आहे. ती सुरत मागांच्या खडखडाटाची, जरीच्या तारेची आणि हिऱ्याच्या कणांची आहे. या शहरात पोट भरते ते बारीक वस्तूंवर. वस्तू बारीक असली की हातून निसटते, आणि निसटलेली शोधून काढणे हाही कामाचाच भाग होऊन बसतो. सुई पडते, नट घरंगळतो, पोहरा विहिरीत जातो, हिरा चिमट्यातून उडतो. अशा पडलेल्या वस्तू परत मिळवण्यासाठी माणसांनी घरच्या घरी, लोहाराकडून किंवा भंगारातून जी साधने बनवली, त्यांचा हा इतिहास आहे. ती कुठल्या संग्रहालयात सहसा दिसणार नाहीत. पण त्यांनी वस्तू वाचवल्या, बोटे वाचवली आणि जीवही वाचवले.

आडातला गळ

नळ येण्यापूर्वी आपल्या वाड्यांत आड असे, गुजरातच्या जुन्या शहरांत घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टांके असे. दोर कुजला किंवा गाठ सुटली की पोहरा तळाशी जाई. तेव्हा गळ काढला जाई. लोखंडाच्या एका कडीला अडकवलेले तीन-चार वाकडे आकडे, काही गळांत प्रत्येक आकड्याला पुन्हा दोन-दोन टोके, एवढाच तो ऐवज. गावचा लोहार तो भट्टीत तापवून, ठोकून, वाकवून देई. दोराला बांधून तो तळापर्यंत सोडायचा, दोर हलका ताठ ठेवायचा आणि विहिरीच्या कडेकडेने सावकाश ओढत फिरायचे. खाली काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ते दोरातून हाताला कळते. दगडाला घासला तर खरखर लागते, गाळात शिरला तर ओढ मऊ येते, आणि पोहऱ्याच्या कडीत अडकला की दोर एकदम जड होतो. मग घाई केली तर पोहरा सुटतो. गळ टाकण्याचे काम घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे जाई ते यामुळेच.

मराठीत एखाद्याच्या मागे लागून त्याला हो म्हणायला लावणे म्हणजे त्याला गळ घालणे. हा वाक्प्रचार ऐकला की ज्याने विहीर पाहिली आहे त्याला तो दोर आठवल्यावाचून राहत नाही. शेजारच्या गुजराती घरात याच वस्तूला मींदडी म्हणतात. मींदडी म्हणजे मांजर. हिंदी मुलखातही तिला बिलाई म्हणतात, तीही मांजरच. आकड्यांची रचना मांजराच्या नख्यांसारखी दिसते, म्हणून हे नाव. लहान होड्यांचा चार नख्यांचा नांगर हा तिचाच थोरला भाऊ. समुद्रात नांगराचा दोर तुटला तर खलाशी असाच आकड्यांचा झुबका तळावरून ओढत नेऊन हरवलेला नांगर शोधीत. तेव्हा सुरतेसारख्या बंदराच्या गावात विहिरीची मींदडी आणि होडीचा नांगर एकाच लोहाराच्या ऐरणीवर आकाराला आले असतील, तर नवल नाही.

गळाला मर्यादा होती. ज्याला कडी किंवा कान आहे तेच त्यात अडकते. बोटातली अंगठी, कंबरेची किल्ली किंवा सुई त्याच्या आवाक्याबाहेर. बारीक लोखंडी वस्तूसाठी दुसरे साधन हवे होते. ते माणसाला फार पूर्वीच सापडले होते, पण त्याला जोर नव्हता.

अयस्कांत

लोखंडाला ओढणाऱ्या नैसर्गिक दगडाला संस्कृतात अयस्कांत म्हणतात, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त देवांना सांगितले जाते की, अयस्कांताने लोखंड ओढावे तसे शिवाचे मन उमेच्या रूपाने ओढून घ्या. उपमा द्यावी इतकी ही गोष्ट त्या काळच्या श्रोत्यांच्या परिचयाची होती. पुढे रसशास्त्राच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमक असे पाच प्रकार मोजलेले आहेत. आपला चुंबक हा शब्द त्याच यादीत बसलेला आहे.

पण अडकलेली वस्तू काढण्याचे हत्यार म्हणून अयस्कांताचा सर्वांत स्पष्ट उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शरीरात शिरलेले शल्य, म्हणजे काटा, बाणाचे टोक वगैरे, काढण्याचे पंधरा उपाय दिले आहेत. त्यात चौदावा अयस्कांत. आणि तो कधी वापरावा याच्या अटी आजच्या कारागिरालाही पटतील अशा आहेत. शल्य आत शिरल्याच्या दिशेतच सरळ असावे, मांसात घट्ट बसलेले नसावे, त्याला बाणाच्या टोकासारखे कान नसावेत आणि जखमेचे तोंड पुरेसे मोठे असावे. म्हणजे दगडाचा जोर किती तोकडा आहे हे लिहिणाऱ्याला पुरते माहीत होते. तो चमत्कार सांगत नाही. हत्यार कुठे चालते आणि कुठे चालत नाही, एवढेच सांगतो. त्यानंतर येणारा पंधरावा उपाय वेगळाच आहे. मनात रुतलेल्या शोकाच्या शल्यावर उपाय हर्ष, असे तिथे म्हटले आहे.

युरोपातही लोहचुंबकाची ही बाजू वैद्यकातूनच पुढे आली. सतराव्या शतकात फॅब्रिशियस हिल्डानस या जर्मन शल्यवैद्याची पत्नी मारी कोलिने हिने एका रोग्याच्या डोळ्यात गेलेला लोखंडी कण लोहचुंबकाने काढला, अशी नोंद तिच्या नवऱ्यानेच केली आहे. ती स्वतः सुईण आणि शल्यकर्मात वाकबगार होती. पुढे १८७९ मध्ये बर्लिनच्या यूलियस हिर्शबर्ग या नेत्रवैद्याने याच कामासाठी विजेवर चालणारे लोहचुंबक पुढे आणले. लेथवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत आजही असे कण जातात. घरी लोहचुंबक डोळ्याला लावून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये. आत रुतलेला कण ओढला गेला की जाताना वाटेतला नाजूक पडदा फाडू शकतो. सुश्रुताच्या अटी इथेही लागू आहेत.

सुरतेच्या बंदरात १६०८ मध्ये ‘हेक्टर’ हे इंग्रजांचे जहाज आले. त्या काळी समुद्र ओलांडणारी युरोपीय जहाजे चुंबक दगडाचा तुकडा जवळ बाळगीत. होकायंत्राच्या लोखंडी सुईचा जोर काही दिवसांनी उतरे, तेव्हा ती या दगडावर घासून पुन्हा तयार करीत. होकायंत्र हा शब्द मराठीत आणि गुजरातीत सारखाच आहे. एका किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या भाषेत असे शब्द सामायिकच असणार.

दगडातून पोलादात, पोलादातून भंगारात

नैसर्गिक दगड थोड्याशाच सुया उचलतो. त्याच्यावर पोलाद घासून कृत्रिम लोहचुंबक करता येतो हे जुने ज्ञान होते. १७४० च्या दशकात लंडनच्या गोविन नाइट याने पोलादाच्या पट्ट्यांपासून बरेच जोरकस लोहचुंबक तयार केले. १८२५ च्या सुमारास विल्यम स्टर्जन याने घोड्याच्या नालेसारख्या लोखंडाभोवती तार गुंडाळून तीतून वीज सोडली. त्याच्या सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या नालेने ४ किलो वजन उचलले आणि वीज बंद करताच ते सोडून दिले. आजच्या भंगाराच्या गोदामात क्रेनला लटकणारी मोठी थाळी हिचीच वंशज.

कायमच्या लोहचुंबकाची झेप विसाव्या शतकातली, आणि तिची बरीचशी कथा जपानमधली आहे. १९१७ मध्ये कोतारो होंडा यांनी कोबाल्ट घातलेले पोलाद शोधले. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचे लोहचुंबक बनवले, त्यातून अल्निको हा प्रकार आला. १९५० च्या दशकात फेराइटचे काळे, चिनी मातीसारखे ठिसूळ पण स्वस्त लोहचुंबक बाजारात आले. १९८० च्या दशकात मासातो सागावा यांनी जपानमध्ये, आणि त्याच वेळी अमेरिकेत जॉन क्रोट यांनी, निओडिमियमचे लोहचुंबक तयार केले. नखाएवढा तुकडा दोन बोटांनी ओढून सुटत नाही, तो हा.

प्रत्येक नव्या प्रकाराचा उपयोग आधी कुठल्या ना कुठल्या यंत्रात झाला आणि यंत्र मोडल्यावर तो कारागिराच्या हाती आला. स्कूटरच्या मॅग्नेटमधून वक्र तुकडे निघाले. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या फुटक्या स्पीकरमागून फेराइटचे गोल कडे निघाले. संगणकाच्या निकामी हार्डडिस्कमधून निओडिमियमची चकचकीत चंद्रकोर निघाली. यातल्या प्रत्येक वस्तूला दुसरा जन्म देणारे आपल्या ओळखीचे कोणी ना कोणी असतेच.

हे साधन बनवण्यात विचार आहे. नुसता लोहचुंबक काठीला बांधून यंत्रात घातला तर तो वाटेतच यंत्राच्या अंगाला चिकटतो. म्हणून जाणता मिस्त्री त्याला पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत बसवतो. या पदार्थांना लोहचुंबक ओढत नाही. टोक तेवढे उघडे ठेवायचे, म्हणजे बाजूंनी चिकटणे कमी होते. टोक फार पुढे काढायचे नाही आणि फार आतही घ्यायचे नाही, कारण अंतर थोडे वाढले की ओढ झपाट्याने कमी होते. कोणी जुन्या रेडिओच्या सरकत्या एरियलच्या टोकाला छोटी चकती लावतो, म्हणजे खिशात मावते आणि लागेल तेव्हा हातभर लांब होते. कोणी लोहचुंबक नळीत मोकळाच ठेवून त्याला मागून दोरी बांधतो. नळीचे टोक बंद असते, कचरा बाहेरून चिकटतो आणि दोरी ओढून लोहचुंबक वर घेतला की सगळे खिळे एकदम गळून पडतात. चकती चिकटवायला गोंद वापरतात, झाळण नाही. उष्णतेने लोहचुंबक मरतो. साधा निओडिमियम ८० अंश सेल्सियसच्या पुढे दुबळा होऊ लागतो. बाजारात तयार साधने मिळतात, ती चांगलीही असतात. पण आपल्या यंत्राची कुठली फट किती अरुंद आहे हे ज्याला माहीत, त्याने केलेल्या साधनाची बरोबरी ती करत नाहीत.

मागाखाली

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे झाली आणि सुरत खानदेशाला जोडली गेली. जी तापी भुसावळ, प्रकाशे करत इथे येते, तिच्याच काठाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर काम करणाऱ्यांत मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत. गुजरातीत ज्याला खातुं म्हणतात त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये माग इतके जवळजवळ असतात की मधून जाताना अंग चोरावे लागते. मागाखाली तेल आणि धाग्याचा पिंजर यांचा थर साचलेला असतो. त्यात पडलेला नट डोळ्यांना दिसत नाही. तो शोधायला हात घालणे हा पहिला विचार, आणि तोच सर्वांत धोक्याचा. शेजारचा माग चालू असतो. पट्टा फिरत असतो. धोटा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला झेपावत असतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात चालू यंत्राजवळ तपासणी, तेल घालणे असले काम करायचे असेल तर ते खास शिकवलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ कामगारानेच करावे, असे बंधन होते. जिथे हलत्या भागाने इजा होण्याचा धोका आहे, तिथे स्त्रियांनी आणि अल्पवयीनांनी चालू यंत्र पुसणे किंवा त्याला तेल घालणे निषिद्ध होते. कायदा कागदावर उत्तम होता. पण माग बंद केला की कापड थांबते आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्याची कमाईही थांबते. पाच रुपयांच्या नटासाठी माग बंद करावा की हात घालावा, हा प्रश्न कामगारापुढे असा उभा राहतो. ज्या शेडमध्ये भिंतीच्या खिळ्याला लोहचुंबकाची काठी टांगलेली असते, तिथे या प्रश्नाला तिसरे उत्तर मिळते. अर्थात काठी हा माग बंद करण्याला पर्याय नाही. पण काठी असली की बोट आणि दात्याचे चाक यांच्यात हातभर अंतर राहते.

शिवणाच्या कारखान्यांत याच गोष्टीची शिस्त झाली आहे. परदेशी जाणारे कपडे शिवताना सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत ते कापड पुढे जाऊ देत नाहीत. तुकडे जुळवून, कागदावर चिकटवून त्यांची नोंद ठेवतात. एखाद्या लहान मुलाच्या झबल्यात सुईचे टोक जाऊ नये म्हणून हे सारे. घरोघर साड्यांना लेस आणि खडे लावणाऱ्या आपल्या बायका हे नियमाशिवाय करत आल्या आहेत. रांगते मूल घरात असेल तर काम संपल्यावर सतरंजीवरून लोहचुंबक फिरवल्याखेरीज त्या उठत नाहीत.

खानदेशातल्या मंडळींना याची आणखी दोन रूपे आठवतील. कापसाच्या जिनिंगमध्ये कपाशीबरोबर खिळा किंवा तारेचा तुकडा आला तर रेच्यात ठिणगी उडते, आणि कापसाच्या ढिगाला ठिणगी म्हणजे आगच. म्हणून कापूस जातो त्या वाटेत लोहचुंबक बसवतात. पिठाच्या गिरणीतही धान्य दगडात उतरते त्या तोंडाशी तो असतो. दुसरे रूप गोठ्यातले. गाय चारा न चावता गिळते. चाऱ्यातली तार किंवा खिळा तिच्या जाळीदार पोटात जाऊन बसतो, आणि त्याच्या अगदी पुढे, पातळ पडद्यापलीकडे, हृदय असते. पशुवैद्य अशा गाईला बोटाएवढा गुळगुळीत लोहचुंबक गिळवतात. तो त्या पोटातच राहतो आणि आलेले लोखंड स्वतःजवळ धरून ठेवतो. वस्तू बाहेर काढता येत नसेल तर तिला जागच्या जागी बांधून ठेवायचे, ही युक्ती इथे वापरली आहे.

सोने, हिरा आणि नाणे

सुरतेचा खरा ऐवज मात्र लोहचुंबकाला दाद देत नाही. सोने, चांदी, तांबे, पितळ यांना तो ओढत नाही, हिऱ्यालाही नाही. तरी या धंद्यांत त्याला काम आहे, ते उलट बाजूने. सोनारांच्या गल्लीतली धूळ विकत घेऊन, धुऊन तीतून सोन्याचांदीचे कण काढणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात, गुजरातीत धूळधोया. कानशीच्या कामात सोन्याच्या चुऱ्यात लोखंडाचा चुराही मिसळतो. त्यावरून लोहचुंबक फिरवला की नको ते निघून जाते आणि हवे ते मागे राहते. पुढचे काम पाऱ्याचे. पारा सोन्याच्या कणांना स्वतःत विरघळवून घेतो, मग तो तापवून उडवायचा. सोन्याचा लोहचुंबक म्हणजे पारा, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याची वाफ मज्जासंस्था पोखरते, आणि ती ओढून घेणारी छाती सोन्याच्या मालकाची नसते. आपल्या अंगठीच्या घडणावळीत धरलेल्या घटीतले सोने कुठे जाते आणि ते परत काढताना कोणाचे काय जाते, हा हिशेब पावतीवर कधी लिहिला जात नाही.

हिऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. हिरा घासायची सरण म्हणजे बिडाची फिरती थाळी. तिच्यावरून किंवा चिमट्यातून हिरा उडाला की सगळे हात थांबतात. जमीन झाडून धूळ चाळली जाते. रोजचा केरही कोणी उकिरड्यावर टाकत नाही. हिऱ्याला पाणी धरत नाही, पण चरबी धरते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ध्यानात आले. तिथे खडी पाण्याबरोबर चरबी फासलेल्या उतरत्या टेबलांवरून सोडू लागले. खडी वाहून जाई, हिरे चिकटून राहत. म्हणजे लोखंडाला अयस्कांत, सोन्याला पारा आणि हिऱ्याला चरबी. ज्याचा ओढा ज्याच्याकडे आहे ते ओळखायचे, एवढीच यातली विद्या.

ती विद्या नसली की काय होते तेही सुरतेने पाहिले आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन गणेशोत्सवात, वराछाच्या बाजारात रस्त्यावर हिरे सांडल्याची आवई उठली. माणसे रस्त्यावर बसून धूळ चिवडू लागली. हाती आले ते नकली खडे. लोक हसले, पण त्या काळात हिऱ्याच्या कारखान्यांत मंदी होती आणि पुष्कळांचे हात रिकामे होते, हेही त्या गर्दीमागे होतेच.

नाण्यांची गोष्ट थोडी गमतीची आहे. नद्यांच्या घाटांवर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात टाकणारी मुले आपण पाहतो. भाविकांनी टाकलेली नाणी ती काढतात. चांदीच्या रुपयाच्या काळात हे शक्यच नव्हते. १९४६-४७ मध्ये चांदीची जागा निकेलने घेतली, आणि निकेलला लोहचुंबक ओढतो. पुढे तांबे-निकेलच्या मिश्रणाची आणि ॲल्युमिनियमची नाणी आली, ती पुन्हा त्याच्या हाती लागेनाशी झाली. १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची आणि १९९२ पासून रुपयाची नाणी न गंजणाऱ्या पोलादाची निघू लागली. हे पोलाद लोहचुंबकाला ओढले जाते. सरकारने धातू बदलला तो स्वस्ताईसाठी, आणि घाटावरच्या पोरांना त्यातून एक साधन मिळाले. ती पोरे शाळेच्या वेळेत तिथे असतात, हा मात्र गमतीचा भाग नव्हे.

माणूस खाली उतरतो तेव्हा

गळ असो की लोहचुंबक, या साधनांचे खरे काम वस्तू वर आणण्याइतकेच माणसाला खाली जाऊ न देण्याचे आहे. ते नसले किंवा कमी पडले की माणूस उतरतो. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत तळाशी हवा साचते आणि कुजणाऱ्या कचऱ्याने ती विषारी होते. ती दिसत नाही, पुष्कळदा वासही येत नाही. पहिला माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात वाकडी गावी शेण आणि मळी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढायला एक उतरला, त्याच्या मागोमाग बाकीचे, आणि पाच जणांचा जीव गेला. ज्या साधनाला आपल्या पूर्वजांनी मांजराचे नाव दिले, त्यातली एक मींदडी आणि लांब दोर त्या काठावर असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पूर्वीची माणसे उतरण्याआधी दोराने जळता कंदील खाली सोडून पाहत. तो विझला तर उतरत नसत. ही परीक्षा पुरेशी नाही, कारण काही विषारी वायूंत ज्योत विझत नाही, आणि शेणाच्या खड्ड्यात तर ज्योत नेणेच घातक आहे. आज अशा जागी अग्निशमन दलाला बोलावणे हाच मार्ग. पण आधी वरूनच प्रयत्न करून पाहण्याची जुनी सवय सोडू नये. वस्तू गेली तर जाऊ द्यावी, हे म्हणण्याची वेळही कधी येते, आणि ते म्हणणारा घरात असावा लागतो.

लोहचुंबकाबद्दलही एक सावधगिरी. निओडिमियमच्या बारीक गोळ्या खेळण्यांतून घरात येतात. मुलाने दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून त्या एकमेकींना ओढतात आणि मधले आतडे चिमटले जाऊन त्याला भोक पडते. अशी शंका आली तरी वाट न पाहता इस्पितळ गाठावे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या आजोबांनी जोरकस लोहचुंबक शर्टच्या खिशात ठेवू नये. घराच्या किल्ल्या बहुधा पितळेच्या असतात, त्यांना लोहचुंबक उचलत नाही. म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यात एक लोखंडी कडी घालून ठेवावी. गटारात किंवा टाकीत पडल्या तर त्या कडीमुळे वर येतात.

आता मंडळाच्या कामाचे. उत्सवाचा मांडव उभारताना किती खिळे, टाचण्या आणि तारेचे तुकडे जमिनीवर पडतात याची मोजदाद कोणी करत नाही. विसर्जन झाले, मांडव उतरला की दुसऱ्या दिवसापासून तिथे मुले अनवाणी खेळू लागतात. स्पीकरवाल्याकडे फुटक्या स्पीकरचे कडे नक्की पडलेले असेल. अशी तीन-चार कडी एका पट्टीला ओळीने बांधावीत, पट्टीला दोरी लावावी आणि दोन कार्यकर्त्यांनी मैदानावर आधी उभे, मग आडवे असे फिरावे. अर्ध्या तासाचे काम आहे. निघालेले लोखंड भंगारवाल्याला द्यावे आणि पट्टी पुढच्या वर्षासाठी मंडळाच्या पेटीत, आरतीच्या तबकाशेजारी ठेवावी.